नफ्याआधी गोदाम बघा

2024 च्या मे-जूनमध्ये शुक्राचा अस्त होता. त्यात मे महिन्यात गुरूही अस्ताला गेला. पंचांगात लग्नाच्या तिथी नावालाच उरल्या. जळकोट, उदगीर, मुखेड, अहमदपूर या पट्ट्यातल्या कापड दुकानदाराला याचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नाही. लग्नाचा बस्ता हाच त्याच्या वर्षाचा कणा. दोन्हीकडची मंडळी गाडी करून येतात, दिवसभर गादीवर बसतात. नवरीचा शालू, नवरदेवाचा सूट, मानपानाच्या साड्या, आहेराचे शर्ट-पँट पीस, टॉवेल-टोप्या असा ढीग लागतो आणि बिल लाखाच्या घरात जातं. तिथी नाही, तर बस्ता नाही. त्या उन्हाळ्यात भरीला लोकसभेची निवडणूकही होती. लातूर मतदारसंघात 7 मे रोजी मतदान झालं आणि ऊन तर अंगाची लाही करणारं होतं.

त्याच एप्रिल ते जून या तीन महिन्यांचा हिशेब रेमंडनं मांडला तेव्हा कपड्यांची विक्री आधीच्या वर्षाच्या मानानं घटलेली निघाली. कंपनीनं सांगितलेल्या कारणांत लग्नाच्या कमी तिथी, उष्णतेची लाट आणि निवडणूक ही तिन्ही होती. 1925 साली ठाण्यात लोकरीची गिरणी म्हणून सुरू झालेली, 1944 मध्ये सिंघानिया घराण्याकडे गेलेली ही कंपनी आज परदेशी ब्रँडांसाठी सूट शिवते. तिचा एक कारखाना इथिओपियातही आहे. तिच्या निकालाच्या कागदावर जे कारण छापलं गेलं, ते आपल्याकडच्या कुठल्याही गल्ल्यावर आधीच ठाऊक होतं.

तिमाही निकाल म्हटलं की आपण दचकतो. आकड्यांची दाटी, बारीक अक्षर, कोटी आणि टक्के. त्यामुळे वाचक थेट तळाची ओळ गाठतो, नफा किती ते बघतो आणि दुसऱ्या बातमीकडे वळतो. कपड्याच्या धंद्यात ही सवय हमखास फसवते. सिमेंटचं पोतं या वर्षी विकलं नाही तरी त्याची फॅशन जात नाही. कपड्याची जाते. म्हणून या धंद्याचा निकाल वाचायचा क्रम उलटा ठेवावा, असं माझं मत आहे: आधी गोदाम, मग ढोबळ नफा, आणि तळाची ओळ सगळ्यात शेवटी.

तीन महिने कुणाचे?

आपल्याकडे आर्थिक वर्ष एप्रिल ते मार्च. शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीनं तिमाही संपल्यापासून 45 दिवसांत निकाल जाहीर करावा आणि वर्षाचा हिशेब 60 दिवसांत द्यावा, असा सेबीचा नियम आहे. जगभरच्या कपडे कंपन्यांचं वर्ष मात्र ज्याच्या त्याच्या सोयीचं असतं. स्पेनच्या इंडिटेक्सचं, म्हणजे झाराच्या मालक कंपनीचं, वर्ष फेब्रुवारी ते जानेवारी. स्वीडनच्या एचअँडएमचं डिसेंबर ते नोव्हेंबर. जपानच्या युनिक्लोच्या मालक कंपनीचं ऑगस्टअखेर संपतं. अमेरिकेतल्या गॅपचं जानेवारीच्या शेवटी संपतं, कारण नाताळची गर्दी आटोपून, परत आलेला माल मोजून, सेल उरकून दुकान तेव्हाच रिकामं झालेलं असतं. हिशेबाला बसायचं तर गोदामात माल कमी असताना बसावं, हे शहाणपण जुनंच आहे. आपले व्यापारी दिवाळीला वही बदलत ती याच बेतानं.

लिव्हायसचं वर्ष नोव्हेंबरच्या शेवटच्या रविवारच्या आसपास संपतं. सॅन फ्रान्सिस्कोची ही कंपनी. तांब्याच्या रिव्हेटा ठोकलेल्या पँटचं पेटंट तिनं 20 मे 1873 रोजी मिळवलं आणि आपण ज्याला जीन्स म्हणतो ती तिथून चालू झाली. आठवड्याच्या हिशेबानं चालणाऱ्या वर्षात 52 आठवडे, म्हणजे 364 दिवस होतात. दरवर्षी एक-दोन दिवस उरतात, ते साचत जातात आणि पाच-सहा वर्षांनी एकदा 53 वा आठवडा घालावा लागतो. आपल्या पंचांगातल्या अधिक महिन्यासारखीच ही सोय. लिव्हायसचं 2024 हे वर्ष असं 53 आठवड्यांचं होतं, ते 1 डिसेंबर 2024 रोजी संपलं आणि त्याची शेवटची तिमाही 13 ऐवजी 14 आठवड्यांची झाली. एक जादा आठवडा म्हणजे जादा विक्री. ही गोष्ट न बघता कुणी त्या तिमाहीची वाढ मोजली, तर कंपनी आहे त्यापेक्षा जोमात दिसते.

खरा अधिक महिनाही निकालात शिरतो, पण तो आपल्याकडच्या कंपन्यांच्या. 2023 मध्ये अधिक श्रावण आला, त्यामुळे दसरा 24 ऑक्टोबरवर आणि दिवाळी नोव्हेंबरच्या मध्यावर गेली. 2025 मध्ये दसरा 2 ऑक्टोबरलाच आला. आता दुकानदार दसऱ्याचा माल दसऱ्याच्या दिवशी भरत नाही, तीन-चार आठवडे आधी भरतो. म्हणजे एका वर्षी कंपनीचं बिल ऑक्टोबरमध्ये फाटतं आणि दुसऱ्या वर्षी सप्टेंबरमध्ये. सप्टेंबरमध्ये फाटलं की ती विक्री जुलै-सप्टेंबरच्या तिमाहीत धरली जाते. गिऱ्हाईक तेच, माल तोच, फक्त रकाना बदलला. 2026 मध्ये 17 मे ते 15 जून अधिक ज्येष्ठ आहे आणि अधिक महिन्यात लग्नं होत नाहीत. त्या एप्रिल-जूनच्या निकालात कपडे कंपन्या काय कारण देतील, ते आजच सांगता येतं.

यावरून एक गोष्ट पक्की होते. कपडे कंपनीच्या तिमाहीची तुलना आधीच्या तिमाहीशी करणं व्यर्थ आहे. दिवाळीच्या तिमाहीनंतरची तिमाही मंद असणारच. तुलना करायची ती मागच्या वर्षीच्या त्याच तिमाहीशी, आणि तीही सण, तिथी, आठवडे सारखे होते का, हे पाहून.

तोटा झाला आणि शेअर चढला

आता एक निकाल जवळून बघू. 3 एप्रिल 2024 रोजी लिव्हायसनं डिसेंबर ते फेब्रुवारी या पहिल्या तिमाहीचा हिशेब दिला. विक्री सुमारे 156 कोटी डॉलर, मागच्या वर्षीच्या त्याच तिमाहीपेक्षा 8 टक्क्यांनी कमी. तळाच्या ओळीत 1.1 कोटी डॉलरचा तोटा, आदल्या वर्षी तिथं 11.5 कोटी डॉलरचा नफा होता. विक्री घटली, नफ्याचा तोटा झाला. एवढंच वाचलं तर कंपनी खड्ड्यात चालली असंच वाटेल. प्रत्यक्षात दुसऱ्या दिवशी शेअर चांगलाच वर गेला.

बाजार येडा नव्हता. त्यानं कागद पूर्ण वाचला होता. विक्रीची घट आधी घेऊ. 2023 च्या वसंतात कंपनी अमेरिकेतली संगणक व्यवस्था बदलणार होती. त्या गोंधळात माल अडकू नये म्हणून मोठ्या दुकानदारांनी पुढच्या तिमाहीतला सुमारे 10 कोटी डॉलरचा माल आधीच उचलला होता. म्हणजे 2023 ची पहिली तिमाही मुळातच फुगलेली होती आणि 2024 ची तिमाही त्या फुगलेल्या आकड्याशी मोजली जात होती. बरीचशी घट तिथंच विरघळते.

तोट्याचं कारण वेगळं. जानेवारीत कंपनीनं कार्यालयीन नोकऱ्या 10 ते 15 टक्क्यांनी कमी करायचं ठरवलं. लोकांना काढायचं तर त्यांना पैसे द्यावे लागतात. तो 11 कोटी डॉलरांहून जास्त खर्च एकदम याच तिमाहीत धरला गेला. असा खर्च दर तिमाहीला येत नाही, म्हणून हिशेबात तो वेगळा दाखवतात. तो बाजूला ठेवला तर मूळ धंद्यात विक्रीच्या 9 टक्क्यांच्या आसपास नफा होता. ज्यांची नोकरी गेली त्यांच्या दृष्टीनं हा खर्च ‘एकदाचा’ म्हणणं क्रूर आहे, पण हिशेबाची भाषा अशीच असते.

आणि ज्या ओळीवर जाणत्यांची नजर होती ती मधली होती: ढोबळ नफ्याचं प्रमाण, म्हणजे ग्रॉस मार्जिन. ते 58 टक्क्यांच्या वर गेलं होतं, वर्षाआधी 56 च्या खाली होतं. शंभर रुपयांचा माल विकला, त्यातून तो माल बनवायला किंवा विकत घ्यायला आणि गोदामापर्यंत आणायला लागलेला खर्च वजा केला, की उरतो तो ढोबळ नफा. लिव्हायसच्या बाबतीत शंभरातले 42 रुपये पँटचे आणि 58 रुपये नावाचे, दुकानाचे, जाहिरातीचे, पगाराचे, व्याजाचे, कराचे आणि शेवटी मालकाचे. पुढे 2024 च्या संपूर्ण वर्षात हे प्रमाण 60 टक्क्यांवर पोचलं. इंडिटेक्सचं त्याच वर्षाचं प्रमाण 57.8 टक्के होतं.

ढोबळ नफा तीन कारणांनी वाढतो: माल स्वस्त पडला, सेल कमी लावावा लागला, किंवा दुसऱ्याच्या दुकानाऐवजी स्वतःच्या दुकानातून विकलं. लिव्हायसकडे तिन्ही घडलं. त्या तिमाहीत निम्म्याच्या जवळ विक्री तिच्या स्वतःच्या दुकानांतून आणि संकेतस्थळावरून झाली. घाऊक व्यापाऱ्याला द्यायची सूट वाचली की ढोबळ नफा आपोआप फुगतो. पण दुकान स्वतःचं म्हणजे भाडं, वीज आणि पोरांचे पगारही स्वतःचेच. ते खर्च खालच्या ओळींत बसतात. म्हणून नुसत्या ग्रॉस मार्जिनवर भाळू नये, त्याखालचा दुकानखर्चही त्याच वेगानं वाढतोय का ते बघावं. 2024 मध्ये लिव्हायसचा ढोबळ नफा वाढला, तरी वर्षाचा निव्वळ नफा 25 कोटी डॉलरवरून सुमारे 21 कोटी डॉलरवर आला.

‘माल स्वस्त पडला’ या तीन शब्दांत मात्र आपल्याकडचं एक अख्खं शिवार दडलेलं आहे.

एका जीन्समधला कापूस

लातूर जिल्ह्याची ओळख सोयाबीन आणि तुरीची. तरी जळकोटच्या डोंगरी पट्ट्यात आणि शेजारच्या नांदेड जिल्ह्यात पऱ्हाटी दिसतेच. नांदेड तर कापसाचं जुनं गाव. निजामाच्या काळातली उस्मानशाही मिल तिथं उभी राहिली आणि पुढे बंद पडली. तिथल्या कापूस संशोधन केंद्रानं काढलेलं एनएचएच 44, म्हणजे आपलं ‘नांदेड 44’, बीटी येण्याआधी कोरडवाहू शेतकऱ्याचं हुकमी वाण होतं. आज इथला कापूस जिनिंगमध्ये जातो, गाठ बांधली जाते आणि ती गाठ दूरच्या सूतगिरण्यांकडे निघून जाते.

हिशेब असा. एक क्विंटल कापूस जिनिंगमधून काढला की 34-35 किलो रुई निघते, बाकी बहुतेक सरकी आणि थोडी घट. अमेरिकेतल्या कापूस उद्योगाचा रूढ अंदाज असा, की 480 पौंडांच्या, म्हणजे सुमारे 218 किलोंच्या गाठीत 215 जीन्स होतात. म्हणजे एका जीन्सला साधारण एक किलो रुई. आपली गाठ 170 किलोंची, तिच्यात दीडशेहून अधिक पँटी बसतात. एक किलो रुईला तीन किलोंच्या आसपास कापूस लागतो. 2025-26 च्या हंगामाचा मध्यम धाग्याचा हमीभाव क्विंटलला 7,710 रुपये. म्हणजे तीन किलोंचे सव्वादोनशे-दोनशे तीस रुपये, आणि सरकीचे पैसे वजा केले तर त्याहूनही कमी. मोठ्या ब्रँडची जीन्स तीन-चार हजारांना मिळते. त्या किमतीत वेचणाऱ्या बाईची मजुरी किलोला दहा रुपये धरली तर तीस रुपये होते. तीही शेतकऱ्याला मिळालेल्या सव्वादोनशेतूनच जाते.

हे गणित रडगाणं म्हणून मांडलेलं नाही. रुईपासून सूत, सुतापासून डेनिम, डेनिमची धुलाई, शिलाई, जहाज, दुकान, प्रत्येक टप्प्यावर माणसं राबतात आणि पैसा लागतो. पण यातून निकाल वाचायची एक चावी मिळते. कापसाचा भाव दुप्पट झाला तरी जीन्सचा खर्च दुप्पट होत नाही, थोडाच वाढतो. मात्र कंपनीचं सगळं गणित दोन-तीन टक्क्यांवर चालतं. शंभरातले दोन रुपये इकडचे तिकडे झाले की शेअर उसळतो नाही तर आपटतो.

आणि तो भाव निकालात लगेच उतरत नाही. दिवाळीच्या आसपास वेचलेला कापूस डिसेंबर-जानेवारीत जिनिंगला जातो. उन्हाळ्यापर्यंत त्याचं सूत आणि कापड होतं. पावसाळ्यात बांगलादेशात, पाकिस्तानात किंवा आपल्याकडे शिलाई होते. जहाजानं पोचून तो माल पुढच्या थंडीत दुकानात लागतो. विकला गेला तरच त्याचा खर्च निकालात येतो, तोवर तो गोदामातला साठा म्हणून ताळेबंदात पडून असतो. म्हणून आजच्या कापूस बाजाराचा परिणाम तीन-चार तिमाह्यांनी दिसतो.

2022 चा मे महिना आठवा. खंडीचा, म्हणजे 356 किलो रुईचा भाव लाखाच्या पुढे गेला होता. सूतगिरण्यांची ओरड आधीपासूनच होती आणि केंद्रानं एप्रिलमध्येच आयात कापसावरचं 11 टक्के शुल्क काही महिन्यांसाठी उठवलं होतं. त्या महागड्या कापसाच्या पँटी जगभर विकल्या गेल्या त्या 2023 मध्ये. लिव्हायसचं ढोबळ प्रमाण त्या वर्षी घसरून 57 च्या जरा खाली आलं. तोवर कापूस कधीच उतरला होता, आणि त्या उतरलेल्या कापसाचा माल 2024 मध्ये विकला गेला तेव्हा प्रमाण 60 वर चढलं. स्वस्त कापूस हे त्यामागचं एकमेव कारण नव्हतं, पण कंपनीनं सांगितलेल्या कारणांत ते होतं.

साठा घरात, साठा गोदामात

त्याच काळात मराठवाड्यात काय चाललं होतं, ते पाहण्याजोगं आहे. 2021-22 च्या हंगामात कापूस क्विंटलला दहा हजारांच्या वर विकला गेला. ज्यांनी दिवाळीत घाईनं विकला त्यांना हळहळ लागली. म्हणून पुढच्या हंगामात, 2022-23 मध्ये, शेतकऱ्यांनी कापूस धरून ठेवला. भाव दहा हजार होईल या आशेवर घराघरांत कापूस साठला. ओसरीत, माळवदावर, देवघराच्या भिंतीपर्यंत. मार्च उजाडला, एप्रिल उजाडला. घरातल्या माणसांच्या अंगाला खाज सुटली, लेकरांच्या अंगावर पुरळ आलं. भाव मात्र सात-आठ हजारांच्या आसपासच घुटमळला. कापूस वाळून वजनाला कमी भरला, पिवळा पडला, आणि पेरणीसाठी पैसे लागले तेव्हा मिळेल त्या भावानं गेला.

याला कंपनीच्या भाषेत इन्व्हेंटरीची जोखीम म्हणतात. धरून ठेवलेल्या मालात पैसा अडकतो, मालाचा कस उतरतो, आणि शेवटी गरजेपोटी तो पाडून विकावा लागतो. फरक एवढाच की कंपनीला आपला साठा ठरावीक काळानं छापून दाखवावा लागतो. आणि म्हणूनच वाचकानं तो आकडा आधी गाठावा.

एचअँडएमची गोष्ट या बाबतीत प्रसिद्ध आहे. 2018 च्या सुरुवातीला तिच्याकडे न विकलेल्या कपड्यांचा साठा चार अब्ज डॉलरांच्या पुढे गेला, आणि जगभरच्या वर्तमानपत्रांत एवढे कपडे कुणी घ्यायचे असे मथळे आले. विक्री थांबली नव्हती, पण साठा तिच्यापेक्षा वेगानं वाढत होता. पुढे सेल लावावे लागले, नफा खाली आला. तळाच्या ओळीनं जे नंतर सांगितलं, ते साठ्याच्या ओळीनं आधीच सांगितलं होतं.

पडताळा सोपा आहे. विक्री मागच्या वर्षीच्या त्याच तिमाहीपेक्षा किती टक्के वाढली आणि साठा किती टक्के वाढला, हे दोन आकडे शेजारी लिहा. विक्री 4 टक्के आणि साठा 20 टक्के वाढला असेल, तर पुढच्या दोन तिमाह्यांत सेलचे फलक लागणार असं समजावं. अर्थात दर वेळी साठा वाईटच असतो असंही नाही. सणाआधी माल भरलेला असतो, जहाजं उशिरा येणार म्हणून आधी मागवलेला असतो, किंवा आयातशुल्क वाढणार या धास्तीनं उचललेला असतो. कंपनी कारण सांगते. ते पटतं का हे पुढच्या तिमाहीचा साठा सांगतो. आपल्या गावातला कापड दुकानदार मागच्या लग्नसराईचा किती माल कपाटात उरलाय यावरून शेजाऱ्याची परिस्थिती ओळखतो. गिऱ्हाईक किती दिसतं, याला तो फारशी किंमत देत नाही.

सात हजार कोटींचा भुलभुलैया

आता तळाच्या ओळीविषयी, आणि त्यासाठी पुन्हा रेमंडकडे. लग्नतिथी नव्हत्या त्याच एप्रिल-जून 2024 च्या तिमाहीत रेमंड लिमिटेडच्या एकत्रित निकालात निव्वळ नफा दिसला सात हजार कोटी रुपयांहून अधिक. चालू धंद्याची विक्री हजार कोटींच्या आसपास, आणि नफा तिच्या सातपट. कापडाच्या धंद्यात हे शक्य नाही हे शेंबडं पोरही सांगेल.

कारण टिपेत होतं. कंपनीनं कपड्यांचा व्यवसाय वेगळा काढून रेमंड लाइफस्टाइल ही स्वतंत्र कंपनी केली. तिचा शेअर 5 सप्टेंबर 2024 रोजी बाजारात आला. व्यवसाय असा वेगळा काढताना वह्यांतली किंमत आणि बाजारभावानं येणारी किंमत यांतला फरक हिशेबाच्या नियमानं नफा म्हणून दाखवावा लागतो. रुपयाही तिजोरीत आला नाही, तरी कागदावर नफा झाला. त्याआधीच्या वर्षीही तसंच काहीसं घडलं होतं. एप्रिल 2023 मध्ये रेमंडनं पार्क अव्हेन्यू आणि कामसूत्र ही नावं असलेला सौंदर्यप्रसाधनांचा वगैरे व्यवसाय गोदरेज कन्झ्युमरला 2,825 कोटींना विकला, आणि त्या तिमाहीचा नफा हजार कोटींवर गेला. तिथं निदान पैसा खरा होता, पण तोही कापड विकून आलेला नव्हता.

नव्या रेमंड लाइफस्टाइलला मात्र स्वतःच्या पायावर उभं राहून दाखवायचं होतं. जानेवारी-मार्च 2025 च्या तिमाहीत ती तोट्यात होती. एकाच घराण्याच्या दोन निकालांत एकीकडे हजारो कोटींचा कागदी नफा आणि दुसरीकडे खऱ्या धंद्यातला तोटा. कुठला खरा म्हणायचा? माझ्या मते दुसरा. पहिला खोटा नव्हता, कायद्यानं बरोबरच होता, पण त्यातून सूट विकले जातात का, हे कळत नाही.

म्हणून ‘अपवादात्मक बाबी’, ‘बंद केलेले व्यवसाय’ अशा ओळी दिसल्या की तिथं थांबावं. आणखी एक खूण आहे. निव्वळ नफ्याशेजारी रोख पैशाचा हिशेब ठेवून बघावा. नफा दिसतो पण रोख येत नाही, असं तीन-चार तिमाह्या चाललं तर पैसा कुठं तरी अडकलाय, बहुधा गोदामात किंवा दुकानदारांच्या उधारीत. उधारीचं तर विचारूच नका. वर्षाखेरीच्या आकड्यासाठी मार्चच्या शेवटी घाऊक व्यापाऱ्यांच्या गळ्यात माल मारायचा आणि मे महिन्यात तो गुपचूप परत घ्यायचा, ही चाल या धंद्यात जुनी आहे. त्या मार्चचा निकाल झकास दिसतो.

ऑगस्ट 2025

निकालाच्या कागदावर कंपनीच्या हातात नसलेल्या गोष्टीही उमटतात. 2025 च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेनं भारतीय मालावर आधी 25 टक्के आणि मग 27 ऑगस्टपासून एकूण 50 टक्के शुल्क लावलं. अमेरिकेला कपडे शिवून पाठवणाऱ्या तिरुप्पूर, बंगळुरू, नोएडाच्या कारखान्यांवर घाला आला. ज्यांचे कारखाने दुसऱ्या देशांतही होते त्यांनी ऑर्डरी तिकडे वळवायची धडपड केली. रेमंडचा इथिओपियाचा कारखाना अशा वेळी कामाला आला, कारण तिथल्या मालावर अमेरिकेचं शुल्क बरंच कमी होतं.

कापड उद्योगाला दिलासा म्हणून केंद्रानं 19 ऑगस्टपासून आयात कापसावरचं 11 टक्के शुल्क पुन्हा उठवलं. आधी 30 सप्टेंबरपर्यंत, मग मुदत वाढवून 31 डिसेंबर 2025 पर्यंत. तारखा नीट बघा. ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर हे आपल्याकडच्या वेचणीचे महिने. शेतकरी कापूस घेऊन काट्यावर उभा राहील त्याच वेळी बंदरात बिनशुल्काच्या परदेशी गाठी उतरत होत्या. आधार उरला तो सीसीआयच्या, म्हणजे भारतीय कापूस महामंडळाच्या, हमीभावाच्या खरेदीचा. तिथंही त्या वर्षीपासून मोबाइलवर आधी नोंदणी, आणि कापसात ओलावा 12 टक्क्यांच्या आत ही जुनी अट होतीच. त्या साली सप्टेंबरात मराठवाड्यात जो पाऊस झाला, त्यानंतर बोंडं भिजलेल्या शेतकऱ्याला ती अट पाळणं किती जमलं, हे वेगळं सांगायला नको.

सूतगिरणीच्या डिसेंबरच्या तिमाहीत ही शुल्कमाफी ‘कच्च्या मालाच्या खर्चात घट’ म्हणून येते, आणि तयार कपड्याच्या कंपनीकडे वर्षभरानं ‘ढोबळ नफ्यात सुधारणा’ म्हणून. एखादी कंपनी असं छापते तेव्हा त्यामागे हुशारी असते, घासाघीस असते, बाजारभावही असतो, आणि कधी कधी दिल्लीत निघालेली एक अधिसूचनाही असते.

हे कागद बघायला कुणाची परवानगी लागत नाही. भारतातल्या नोंदणीकृत कंपन्यांचे निकाल मुंबई आणि राष्ट्रीय शेअर बाजाराच्या संकेतस्थळांवर फुकट मिळतात, लिव्हायस किंवा एचअँडएमचे त्यांच्या स्वतःच्या संकेतस्थळावर. एक अडचण तेवढी आहे. भारतीय कंपन्या साठ्याचा आणि ताळेबंदाचा पूर्ण आकडा सप्टेंबर आणि मार्च या दोनच तिमाह्यांच्या निकालांत देतात. म्हणून जून आणि डिसेंबरच्या निकालांत नफ्याचा आकडा कितीही गोड दिसला, तरी गोदामाचा आकडा येईपर्यंत मत बनवू नका. आणि निकाल उघडलात की पहिल्या पानावरची मोठी अक्षरं सोडून थेट शेवटच्या बारीक टिपांपासून वाचायला घ्या.